कंपायलरची पुष्पिका

एका जुन्या ओवीबद्ध ग्रंथाची शब्दसूची मी २०१० साली तयार केली होती. 'मी' म्हणजे खरे तर माझ्या एका विद्यार्थ्याने. तो मराठी घेऊन बी. ए. झाला, पुढे संगणकाकडे वळला आणि त्या वळणावर असतानाच त्याने मला एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. ग्रंथाची संहिता टंकलेली तयार होती. प्रोग्राम ती वाचत असे आणि कोणता शब्द कोणत्या अध्यायात, कोणत्या ओवीत, किती वेळा आला आहे ते सांगत असे. त्या सूचीच्या आधारे मी एक लेख लिहिला. ग्रंथाच्या पूर्वार्धात एक विशिष्ट शब्दरूप विपुल आढळते, उत्तरार्धात ते जवळजवळ लोपते आणि या लोपामागे कवीच्या भूमिकेत झालेले स्थित्यंतर आहे, असे त्यात बऱ्यापैकी ठामपणे म्हटले होते. लेख छापून आला, एक-दोघांनी पुढे त्याचा आधारही घेतला. मी समाधानी होतो.

गेल्या वर्षी तीच सूची नव्या यंत्रावर पुन्हा काढली, तर आकडे जुळेनात. फरक लहान होता, पण होता. विद्यार्थ्याला फोन केला. आता तोही चाळिशीला आला आहे. सगळे ऐकून घेऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, कंपायलरची आवृत्ती कोणती?" नव्या यंत्रावरची मला त्याने फोनवरच वाचायला लावली. जुने यंत्र मात्र भंगारात जाऊन किती तरी वर्षे झाली होती. तो म्हणाला, "हरकत नाही. जुना प्रोग्राम ठेवला आहे ना तुम्ही? त्याच्या पोटात लिहिलेलं असेल." मी फाईल पाठवली. दहा मिनिटांत त्याचे उत्तर आले: "जीसीसी ४.४.३, उबुंटूची प्रत. उलगडा होईल आता." आणि मग, काहीशा संकोचाने, त्याने दुसरा प्रश्न विचारला, "सर, पण ग्रंथाची आवृत्ती कोणती?"

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पंधरा वर्षे जुन्या प्रोग्रामने आपण कोणाच्या हातून घडलो हे जपून ठेवले होते. मी आयुष्यभर ज्याचे अध्यापन केले त्या ग्रंथाच्या फाईलीत ग्रंथाचे आणि कवीचे नाव सोडल्यास काहीही नव्हते. कंपायलर आपली आवृत्ती कशी नोंदवतो हे त्यानंतर मी समजून घेतले. ते समजून घेताना जे मत बनले ते येथे मांडतो आहे. विषय वरवर पाहता आपल्या क्षेत्राबाहेरचा वाटेल, पण पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या कोणालाही तो परका वाटू नये.

०

आधी कंपायलर म्हणजे काय ते थोडक्यात. प्रोग्राम लिहिणारा जी संहिता लिहितो ती माणसाला वाचता येते, यंत्राला नाही. यंत्राला कळेल अशा रूपात ती उतरवून देणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. काही जण त्याला 'संकलक' म्हणतात. हा शब्द भाषांतरित असला तरी मूळ इंग्रजी नावाला इमानी आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी ग्रेस हॉपर यांनी हे नाव वापरले तेव्हा त्यांचा प्रोग्राम आधीच लिहून ठेवलेले तुकडे हुडकून एकत्र जोडत असे, म्हणजे संकलनच करत असे. पुढे काम बदलले, नाव राहिले. आजचा कंपायलर कामाने अनुवादक आहे. आणि एकाच संहितेचे दोन अनुवाद कधीच सारखे नसतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणूनच प्रोग्राम बिघडला की जाणकार माणूस संहितेच्या आधी अनुवादकाची चौकशी करतो.

ही चौकशी करण्याची सोय अनुवादकातच असते. जीसीसी हा जगभर वापरला जाणारा कंपायलर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. त्याला आवृत्ती विचारली की तो काही ओळी छापतो. माझ्या यंत्रावर त्यांपैकी पहिली ओळ, देवनागरीत उतरवायची तर, अशी येते:

जीसीसी (उबुंटू ११.४.०-१उबुंटू१~२२.०४) ११.४.०

प्रथमदर्शनी ही गिचमिड वाटते. विद्यार्थ्याने मला ती शब्दशः लावून दाखवली, जशी आपण एखादी कूट ओवी लावतो. सर्वांत शेवटचा ११.४.० हा मूळ कर्त्यांनी प्रकाशित केलेल्या आवृत्तीचा क्रमांक. कंसातला मजकूर वितरकाचा. त्यात पुन्हा मूळ क्रमांक, मग जोडरेघेनंतरचा '१' हा डेबियन या परंपरेतल्या संस्करणाचा, मग 'उबुंटू१' हा त्या परंपरेतून निघालेल्या उबुंटूने केलेल्या फेरफारांचा, आणि शेवटी हे सारे उबुंटूच्या कोणत्या प्रकाशनासाठी केले त्याची खूण. मूळ कर्ता, पहिला संस्कर्ता, दुसरा संस्कर्ता आणि प्रसंग, एवढी वंशावळ एका ओळीत आहे. एखाद्या पोथीविषयी इतके कळले तर आपण तिच्यावर प्रबंध लिहू.

ही मांडणी लहरीवर सोपवलेली नाही. जीनू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांत या ओळीसाठी नियम आहेत. आधी प्रोग्रामचे नाव, तो मोठ्या संचाचा भाग असल्यास संचाचे नाव कंसात, मग आवृत्तीचा क्रमांक. क्रमांक ओळीतल्या शेवटच्या मोकळ्या जागेनंतरच आला पाहिजे, कारण ही ओळ माणसांबरोबर इतर प्रोग्रामही वाचतात आणि त्यांना क्रमांक कुठे सुरू होतो हे निश्चित कळावे लागते. नावाविषयीचा नियम मला विशेष आवडला: फाईलीला कोणी काहीही नाव दिले असो, ओळीत रूढ, प्रमाण नावच छापावे. जीसीसी स्वतः हा नियम पाळत नाही ही गोष्ट वेगळी. त्याला ज्या नावाने हाक मारावी तेच नाव तो परत सांगतो. नियम करणारे आणि पाळणारे एकाच घरात असूनही असे होते, हा अनुभव विद्यापीठांत वावरणाऱ्यांना नवा नसावा.

पहिल्या ओळीनंतर स्वामित्वहक्काचे वर्ष येते, आणि मग हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, त्याची कोणतीही हमी नाही, विक्रीयोग्यतेची वा विशिष्ट कामासाठी उपयुक्ततेचीही नाही, अशी सूचना येते. ती वाचताना मला पोथ्यांच्या अखेरीस येणारी लेखकूची विनंती आठवली. समोर जशी प्रत होती तशी उतरवली, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्या माथी मारू नये, अशा आशयाचे हात जोडणे शेकडो पुष्पिकांत आढळते. दोन्हीकडे नम्रता तीच, पण एक फरक आहे. लेखकू हात जोडतो आणि निघून जातो. कंपायलर हमी नाकारतो, पण दोष आढळल्यास कोठे कळवावा तो पत्ताही बाळगतो. प्रत घडवताना तो पत्ता नोंदवण्याची वेगळी सोय जीसीसीत आहे. हमी नाकारणे आणि जबाबदारी नाकारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्या सोयीमुळे स्पष्ट होते.

०

क्रमांकाकडे वळू. जीसीसीच्या मूळ संहितेत तीन अगदी लहान फाईली आहेत. एकीत केवळ आवृत्तीचा क्रमांक असतो. दुसरीत अवस्था: 'प्रायोगिक' किंवा 'प्रकाशनपूर्व' अशा अर्थाचा एकच शब्द. तिसरीत आठ अंकी तारीख, जी रोज आपोआप पुढे सरकवली जाते. कंपायलर घडवला जात असताना या तिन्हींतून आवृत्तीची ओळ जुळवली जाते. ग्रंथ कच्च्या अवस्थेत असेल तर क्रमांकामागून तारीख आणि अवस्था छापली जाते. प्रकाशनाच्या दिवशी अवस्थेची फाईल रिकामी करतात, आणि ती रिकामी झाली की तारीखही ओळीतून आपसूक गळते. उरतो तो निखळ क्रमांक. ओळीत काही नसणे हीच पूर्णत्वाची खूण ठरते. आपल्याकडे हस्तलिखित छापखान्यात जाईपर्यंत त्यावर 'कच्चा खर्डा' लिहिलेले असते आणि छापताना ते शब्द उडतात, तसेच हे. फक्त येथे ते विसरता येत नाही, कारण ते उडवण्याचे काम स्मरणशक्तीवर सोपवलेले नाही.

क्रमांकाची घडणही बोलकी आहे. २०१५ साली पाचव्या मालिकेपासून जीसीसीने नवा संकेत स्वीकारला. पहिला आकडा मालिकेचा. मधला आकडा शून्य असेल तर त्या मालिकेतील काहीही अद्याप प्रकाशित झालेले नाही. शेवटचा आकडा एक असेल तर ती दोन टप्प्यांमधली वाट चालणारी प्रत. म्हणून ११.४.० म्हणजे अकराव्या मालिकेतले चौथे प्रकाशन. या क्रमांकांतले बिंदू दशांशचिन्हे नाहीत. ते प्रकरण-उपप्रकरणांतले बिंदू आहेत. ४.१० हे ४.९ नंतर येते, आधी नाही. हे न ओळखल्यामुळे घोटाळे होतात. २०१४ साली फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली दहाव्या मालिकेत गेली तेव्हा जुन्या तपासणी-संहितांनी नावापुढचा '१' पाहिला आणि ही पहिल्या मालिकेतली प्रत आहे असे समजून तिला पुरातन वागणूक दिली. 'दहा'चा पहिला अंक 'एक' असतो एवढेच कारण. ओवी क्रमांक १०० हा क्रमांक २० च्या आधी लावणारी शब्दसूची ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल.

०

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आवृत्तीच्या ओळीत माहिती असणे पुरेसे नाही. ती कोणत्या जागी आहे यावर ती वाचली जाणार की नाही हे ठरते. याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे २.९६ चे प्रकरण.

सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट लिनक्स ७.० प्रसिद्ध झाले. त्यासोबत दिलेल्या कंपायलरचा क्रमांक होता २.९६. जीसीसीच्या कर्त्यांचे तोवरचे प्रकाशन २.९५ या मालिकेतले होते. २.९६ हा क्रमांक त्यांच्या कच्च्या, चालू कामाचा होता. रेड हॅटने ती कच्ची प्रत उचलली, आपल्या परीने दुरुस्त केली आणि वाचकांच्या हाती दिली. त्यांच्या बाजूने कारणे होती. २.९५ मध्ये सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाणरूपाला मिळणारा पाठिंबा अपुरा होता आणि पुढची आवृत्ती दृष्टिपथात नव्हती. पण या नव्या प्रतीने घडवलेले सी प्लस प्लस प्रोग्राम ना २.९५ शी जुळत होते ना येणाऱ्या आवृत्तीशी जुळणार होते. लोक दोषांच्या तक्रारी घेऊन मूळ कर्त्यांच्या दारी येऊ लागले. ६ ऑक्टोबर २००० रोजी जीसीसीच्या सुकाणू समितीला निवेदन काढावे लागले की २.९६ नावाचे कोणतेही अधिकृत प्रकाशन झालेले नाही आणि होणारही नाही. त्यांनी आपल्या चालू कामाचा क्रमांक २.९७ केला आणि जून २००१ मध्ये थेट ३.० प्रकाशित केले. २.९६ ही जागा इतिहासात रिकामीच राहिली. प्रत आहे, पण आवृत्ती नाही.

वाचकाला वाटेल की येथे लबाडी झाली. तसे म्हणता येत नाही. त्या कंपायलरला सविस्तर विचारले असता तो क्रमांकापुढे ३१ जुलै २००० ही तारीख आणि कंसात वितरकाचे नाव प्रामाणिकपणे छापत होता.  म्हणजे माहिती लपवलेली नव्हती. पण त्याच कंपायलरला थोडक्यात विचारले, तर त्या काळातल्या रीतीप्रमाणे तो एवढेच म्हणे: २.९६. तारीख नाही, नाव नाही. आणि माणसे थोडक्यातच विचारतात.

मला हे प्रकरण पाठचिकित्सेच्या प्रत्येक वर्गात सांगावेसे वाटते. सत्य कुठे तरी नोंदवलेले होते, पण सत्याची ती बाजू उद्धृत होत नव्हती. जो भाग सहज सुटून पडतो तो कालांतराने सुटतोच. पुढे, २००८ साली आलेल्या ४.३ या आवृत्तीत, प्रत घडवतानाच वितरकाने आपले नाव देण्याची स्वतंत्र सोय झाली. आज थोडक्यात विचारले तरी ते नाव क्रमांकाच्या आधी कंसात येते. वर दिलेली ओळ पाहा. आधी तुम्ही 'उबुंटू' वाचता, मग ११.४.०. वितरकाला ओलांडल्याशिवाय मूळ कर्त्यापर्यंत पोहोचताच येत नाही. शब्द जवळजवळ तेच, क्रम बदलला, आणि क्रमासरशी प्रामाणिकपणाची परिणामकारकता बदलली. रूप आणि आशय वेगळे करता येत नाहीत हे आपण कवितेविषयी शिकवतो. ते आवृत्तीच्या ओळीलाही तितकेच लागू आहे.

आपल्याकडची स्थिती पाहा. माझ्या कपाटातल्या कित्येक पुस्तकांवर 'दुसरी आवृत्ती' छापले आहे आणि ती प्रत्यक्षात पुनर्मुद्रणे आहेत. काहींवर 'पुनर्मुद्रण' आहे आणि आत शुद्धलेखन नव्या नियमांनुसार निमूट बदललेले आहे. काहींच्या प्रस्तावनेत, सातव्या पानावर, संपादकाने जुनी रूपे सुलभ केल्याची कबुली आहे. ही कबुली म्हणजे रेड हॅटचा कंस. तो असतो, पण आपण टीप देताना लेखक, ग्रंथ, वर्ष, पृष्ठ एवढेच लिहितो. थोडक्यात विचारतो आणि थोडक्यात सांगतो.

०

बदल करणाऱ्याने स्वतःचे नाव घातले पाहिजे, हा या सगळ्यामागचा नीतिनियम आहे. जीसीसी ज्या परवान्याखाली वितरित होतो त्या जीपीएलच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो लेखी आहे. संहिता बदलण्याची पूर्ण मुभा आहे, पण बदललेल्या फाईलीत मी बदल केला आणि अमुक तारखेला केला अशी ठळक नोंद हवी. कारणही दिले आहे: आपल्या हाती आलेले मूळ नाही हे घेणाऱ्याला कळावे, आणि दुसऱ्याने आणलेल्या दोषांमुळे मूळ कर्त्यांच्या नावाला बट्टा लागू नये.

मराठी वाचकाला येथे एकनाथ आठवणे अपरिहार्य आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ या रचनाकाळाची आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांची नोंद आहे. पुढे तीनशे वर्षांत पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि आपले नाव व वर्ष अखेरीस स्पष्ट नोंदवले. वर बजावलेही की यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये. म्हणजे एकनाथांनी परवान्याचा पहिला भाग स्वतः पाळला आणि दुसरा भाग, बदलाची मुभा, पुढच्यांना नाकारला. भीती दोन्हीकडे तीच होती, उपाय वेगळे. मनाईचा उपाय किती टिकला हे आपण जाणतो. नोंदीचा मात्र टिकला. ती नोंद होती म्हणूनच वि. का. राजवाड्यांना एकनाथपूर्व पाठाचा शोध घ्यावा असे वाटले आणि १९०९ साली त्यांनी आपली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. आपल्यापुढचा पाठ कोणत्या हातून आला हे ठाऊक नसेल तर त्या हातापलीकडे जाण्याची इच्छाच होत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने तर हा नियम पराकोटीला नेला. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले सारे पाठ खाली, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या पोथीत आहे त्याची सांकेतिक अक्षरे. वि. सी. सुखठणकरांची ही शिस्त आणि कंपायलरची ओळ या दोन्हींत मला एकच वृत्ती दिसते. म्हणजे हे संस्कार आपल्याला परके नाहीत. आपण ते प्राचीन ग्रंथांपुरते राखून ठेवले आणि रोजच्या वाचनातून बाद केले, एवढेच.

०

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक प्रतीवर प्रत्येक तपशील लादला तर वाचनाचा दम कोंडेल. संगणकाच्या क्षेत्रानेही हा धडा घेतला आहे. प्रोग्राम घडवल्याची तारीख आणि वेळ त्यात आपोआप उमटवण्याची सोय सी भाषेत फार पूर्वीपासून आहे. अनेकांनी ती हौसेने वापरली. परिणाम असा की तीच संहिता, तोच कंपायलर, तेच यंत्र असूनही आज घडवलेली प्रत आणि उद्या घडवलेली प्रत बिट-बिट ताडून पाहता वेगळ्या निघत. मग मधल्या मध्ये कोणी काही घुसडले आहे का, हे तपासणार कसे? २०१३ पासून डेबियनच्या लोकांनी अशा तारखा हुडकून काढण्याचा उद्योग आरंभला, आणि २०१७ साली आलेल्या जीसीसी ७ ने घडवल्याच्या क्षणाऐवजी ठरवून दिलेली, बहुधा संहितेतल्या शेवटच्या बदलाची, तारीख घेण्याची सोय दिली. अधिक माहितीने सत्य झाकोळू शकते, हे त्यांनी ओळखले.

येथे मात्र आपली आणि त्यांची वाट वेगळी होते, हे मान्य केले पाहिजे. पोथी कोणी, कधी, कोठे नकलली ही माहिती त्यांच्यासाठी गोंगाट असेल. आपल्यासाठी ती धन आहे. यंत्राने केलेल्या दोन नकला एकसारख्या निघतात, माणसाने केलेल्या निघत नाहीत. तेव्हा उसने घ्यायचे ते नेमके तपशील नाहीत, विवेक घ्यायचा: कोणती माहिती संहितेविषयी आहे, कोणती नकलेविषयी, आणि कोणती थोडक्यात विचारले तरी सांगितलीच पाहिजे.

०

आमच्या सूचीचे काय झाले ते सांगून थांबतो. आकड्यांतल्या लहान फरकाचा उलगडा कंपायलरच्या ओळीने केला. प्रोग्राममध्ये एका चलाला आरंभीची किंमत द्यायची राहून गेली होती. जुन्या कंपायलरने घडवलेल्या प्रतीत तेथे योगायोगाने शून्य येई, नव्याने घडवलेल्या प्रतीत येत नव्हते. चूक कंपायलरची नव्हती, आमची होती. एक ओळ दुरुस्त केली आणि सूची दोन्हीकडे सारखी येऊ लागली.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला चार महिने लागले. ग्रंथालयात बसून छापील प्रतींशी फाईल ताडून पाहिली तेव्हा कळले की ग्रंथाचा पूर्वार्ध एका जुन्या छापील प्रतीवरून टंकला होता आणि उत्तरार्ध दुसऱ्या, नंतरच्या प्रतीवरून. दोन स्नेह्यांनी काम वाटून घेतले होते. ज्याच्या घरी जे पुस्तक होते ते त्याने घेतले. नंतरच्या प्रतीच्या संपादकाने काही जुनी शब्दरूपे प्रचलित रूपांत बदलली होती. ज्या लोपामागे मला कवीचे स्थित्यंतर दिसले होते, तो शिवणीचा सांधा होता. माझा लेख एका अनामिक संपादकाच्या सोयीवर उभा होता. ज्यांनी त्याचा आधार घेतला त्यांना मी पत्रे लिहिली आहेत, आणि येथेही ते विधान मागे घेतो.

वर्गात दिली जाणारी प्रत्येक छायाप्रत, एकमेकांना पाठवली जाणारी प्रत्येक टंकलेली संहिता, यांच्या माथ्यावर एक ओळ असावी अशी माझी मागणी आहे. ग्रंथाचे प्रमाण नाव. कंसात ज्याने ही प्रत घडवली वा बदलली त्याचे नाव आणि बदलाचे स्वरूप. शेवटी मूळ आवृत्ती आणि तिचे वर्ष. क्रम हाच, कारण कंस ओलांडल्याशिवाय वर्षापर्यंत जाता येऊ नये. त्याखाली चूक आढळल्यास कळवण्याचा पत्ता. एवढी ओळ लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि ज्याला ती लिहिता येत नाही त्याच्या निदान लक्षात येते की आपल्या हाती काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

आमच्या नव्या फाईलीच्या माथ्यावर ती आता आहे. तिच्या कंसात दोन टंकलेखकांची नावे आहेत, विद्यार्थ्याचे आहे आणि माझेही. उत्तरार्ध अजून जुन्या प्रतीवरून टंकायचा आहे. तोवर ओळीच्या अखेरीस 'प्रायोगिक' हा शब्द राहील.